दोन भाषांतल्या गोष्टींनी मूल गोंधळतं का?

"घरी मराठी गोष्टी, शाळेत कन्नड, अशानं मुलाला एकही भाषा धड येत नाही." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांना हा मेसेज ओळखीचा वाटेल. काळजी समजण्यासारखी आहे, पण तसं होत नाही. मूल मराठी वाक्यात कन्नड शब्द घालतं, कारण दोन्ही भाषा हाताशी असतात. फक्त मराठी कळणाऱ्या आजीसमोर तेच मूल बहुधा मराठीवरच येतं, हे घरीच बघा. एकाच भाषेतले शब्द मोजले तर कमी भरू शकतात. दोन्हींचे मिळून मोजा.

गोष्टीची समज तर भाषेला बांधलेली नसतेच. रात्री मराठीत कोल्ह्याची गोष्ट सांगा, सकाळी शेजारच्या कन्नड मित्राला सांगायला लावा. शब्द अडले तर अडू द्यात. आधी काय घडलं, कोल्हा का पळाला, एवढंच ऐका. मग शेवट बदलून लिहायला सांगा, कुठल्याही भाषेत.