गूगल गॅरेजमध्ये जन्मली? छे!

"कॉलेज सोडा, गॅरेज गाठा, गूगल उभी करा" हे व्याख्यात्यांचं ठरलेलं पालुपद. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पीएचडी अर्धवट सोडली, हे खरं. गॅरेजही खरं, पण ते भाड्याने घेतलं सप्टेंबर १९९८ मध्ये. सर्च इंजिन १९९६ पासूनच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नेटवर्कवर चालत होतं. दहा हार्ड डिस्क चक्क लहान मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत ठोकळ्यांच्या पेटीत बसवलेल्या! पेजरँकचं, म्हणजे शोधात सापडलेल्या वेबपानांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीचं, पेटंट विद्यापीठाच्या नावावर झालं. ती वापरण्याच्या परवान्याच्या बदल्यात गूगलकडून मिळालेले शेअर विकून स्टॅनफर्डने सुमारे ३३.६ कोटी डॉलर कमावले. व्याख्यानात हे कोण सांगणार? गूगलमधल्या पहिल्या गुंतवणुकीचा, एक लाख डॉलरचा तो प्रसिद्ध चेकसुद्धा तिथल्याच एका प्राध्यापकाच्या घरी, ओसरीवर फाडला गेला.