पृथ्वी-सूर्य अंतर आणि ऋतू

पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा दोघांमधलं अंतर वर्षभर सारखं राहत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात कमी असतं, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, या जागेला उपसूर्य बिंदू म्हणतात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, सुमारे १५ कोटी २१ लाख, तो अपसूर्य बिंदू. फरक ५० लाख किलोमीटरचा, ऐकायला प्रचंड वाटतो. पण सूर्य सगळ्यात जवळ असतो तेव्हा आपल्याकडे कपाटातून स्वेटर निघालेले असतात, म्हणजे उन्हाळा-हिवाळा अंतरामुळे होत नाही हे नुसत्या तारखा बघूनच कळतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. अर्थात अंतराचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही चूक आहे. संबंध आहे, फक्त ऋतू किती गरम किंवा थंड यापेक्षा ऋतू किती दिवस चालतो यात तो जास्त दिसतो, आणि आपल्या पंचांगात तर तो महिन्यांच्या हिशोबातच बसलेला आहे.

गैरसमज पसरण्यात पुस्तकातल्या आकृत्यांचा मोठा हात आहे. कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे ठसवायला ती इतकी चपटी काढतात की पृथ्वी एकदा सूर्याच्या कुशीत आणि एकदा पार लांब गेलेली दिसते. खरी कक्षा एक मीटर व्यासाची करून भिंतीवर काढली तर तिची लांबी आणि रुंदी यात फरक पडेल जेमतेम ०.१४ मिलिमीटर, पेन्सिलच्या रेघेतच तो लपेल, डोळ्यांना ते पक्कं वर्तुळच दिसणार. हां, सूर्य मात्र बरोबर मध्यभागी नसेल, केंद्रापासून साधारण ८ मिलिमीटर बाजूला असेल, आणि जानेवारी-जुलैचा सगळा फरक येतो तो या बाजूला सरकण्यामुळे.

कलण्याचा परिणाम बघायचा तर एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा. मुंबईत २१-२२ डिसेंबरला सावली सगळ्यात आखूड होते त्या वेळीसुद्धा, म्हणजे साधारण साडेबारा-पाऊण वाजता, ती ९० सेंटिमीटरच्या वर भरते कारण सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशच वर आलेला असतो. मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काही क्षण गायब होते, शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच, जुलैच्या अखेरीस तो परत येतो पण तेव्हा ढगांमुळे सहसा बघायला मिळत नाही. ऊन तिरपं पडलं की पसरतं. एक चौरस मीटरभर प्रकाश डिसेंबरच्या दुपारी मुंबईत साधारण १.३६ चौरस मीटर जमिनीवर वाटला जातो, लंडनला जवळजवळ चार चौरस मीटरवर, आणि वर तिथला दिवसही आठ तासांपेक्षा लहान. आता याच्यापुढे अंतराचा वाटा बघा. वातावरणाच्या वर, सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर जानेवारीत सुमारे १४०८ वॅट ऊर्जा पडते आणि जुलैत सुमारे १३१७, म्हणजे फरक ७ टक्क्यांच्या आसपास. अगदीच नगण्य नाही, पण चौपट पसरणाऱ्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही.

विदर्भात २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो, ते नऊ दिवस भयंकर तापतात. त्याच सुमारास सूर्य नागपूरच्या डोक्यावर आलेला असतो, जमीन आधीच दोन-अडीच महिने तापलेली असते आणि ढग अजून आलेले नसतात. पृथ्वी तेव्हा सूर्यापासून लांब लांबच चाललेली असते, तरी पारा चढायचा तो चढतोच.

मग दक्षिण गोलार्धाचं काय, तिकडे तर जानेवारीत उन्हाळाही असतो आणि सूर्य जवळही असतो, म्हणजे मेलबर्नमधली मराठी मंडळी संक्रांतीचा तिळगूळ भर उन्हाळ्यात वाटतात तेव्हा त्यांना दुप्पट भाजायला हवं? तसं होत नाही, कारण दक्षिणेत समुद्र खूप जास्त आहे आणि पाणी सावकाश तापतं. उलट उत्तरेत जमीन जास्त, ती पटकन तापते. यातून एक गोष्ट अशी होते की पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वासच बसत नाही: अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैत, म्हणजे सूर्य सगळ्यात लांब असताना, जानेवारीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. दक्षिणेच्या उन्हाळ्यात अतिनील किरण मात्र जास्त तीव्र असतात आणि त्यामागच्या कारणांमध्ये कमी अंतर हे एक आहेच.

आता अंतराचा खरा प्रभाव. केप्लरने १६०९ मध्ये मांडलं की ग्रह सूर्याच्या जवळ असताना वेगात जातो आणि लांब असताना हळू. पृथ्वी जानेवारीत सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते, जुलैत २९.३. एका किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण त्यामुळे मार्चच्या संपातापासून (दिवस आणि रात्र सारखे असतात तो दिवस) सप्टेंबरच्या संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून परत मार्चला यायला फक्त १७९. घरातलं कॅलेंडर काढून २०-२१ मार्च ते २२-२३ सप्टेंबर मोजून बघा, लगेच पटेल. उत्तर गोलार्धात खगोलीय उन्हाळा ९३.६ दिवसांचा आणि हिवाळा ८९ दिवसांचा होतो तो यामुळेच.

आपल्याकडच्या गणितज्ञांना हे फार आधीपासून माहीत होतं, त्यांनी ते सूर्य फिरतोय असं धरून मांडलं एवढंच. सूर्य ज्या जागी सगळ्यात लांब आणि सगळ्यात मंद असतो त्या जागेला ते मंदोच्च म्हणतात, आणि इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ते ७८ अंशांवर, म्हणजे मिथुन राशीत दिलंय. निरयन गणिताने, म्हणजे राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजल्या तर, आजही ते मिथुनेतच आहे. सूर्याला मिथुन रास ओलांडायला साधारण साडेएकतीस दिवस लागतात आणि धनु रास तो साडेएकोणतीस दिवसांतच संपवतो, आणि अधिकमास कधी येणार हेसुद्धा बरंचसं यावरच ठरतं. ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, पडत नाही तो अधिक. चांद्र महिना सरासरी २९.५३ दिवसांचा, त्यामुळे सूर्य रेंगाळतो त्या दिवसांत दोन संक्रांतींच्या मधे अख्खा चांद्र महिना आरामात मावतो. म्हणून धोंड्याचा महिना बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन यातलाच असतो, २०१८ ला ज्येष्ठ होता, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, २०२६ ला पुन्हा ज्येष्ठ. थंडीत उलटा प्रकार, सूर्य इतका भरभर जातो की क्वचित एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती होतात आणि मग क्षयमास येतो, म्हणजे एक महिना गळतो, १९८३ मध्ये तो येऊन गेलाय. जावयाला अनारसे कुठल्या महिन्यात द्यायचे यामागे ५० लाख किलोमीटरचा फरक आहे हे पंचांग बघणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे, पण शाळेत हा धडा इथूनच सुरू करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं राष्ट्रीय कॅलेंडरही असंच आहे. त्यात वैशाख ते भाद्रपद हे पाचही महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे, चैत्र ३० चा, लीप वर्षात ३१. ही वाटणी उगाच केलेली नाही, सूर्य ज्या काळात हळू चालतो तिथे जास्तीचे दिवस टाकलेत.

हे सगळं कायमचं नाही. उपसूर्याची तारीख साधारण ५७-५८ वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकते (एका वर्षातून दुसऱ्या वर्षात ती दोन-तीन दिवस इकडेतिकडे होते ते चंद्रामुळे, ते वेगळं). तेराव्या शतकात उपसूर्य आणि डिसेंबरचा सर्वात लहान दिवस एकत्र आले होते, आणि पूर्ण फेरा होतो साधारण २१ हजार वर्षांनी. अकरा हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या उन्हाळ्यातच पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असायची, त्यामुळे आशिया-आफ्रिकेची जमीन जास्त तापायची आणि मान्सून आजच्यापेक्षा जोरदार असायचा. त्यानंतरची काही हजार वर्षं आज जिथे सहारा आहे तिथे गवत आणि तळी होती. राजस्थानात लुणकरणसरच्या तळ्यातही तेव्हा पाणी असायचं, उपसूर्य पुढे सरकत गेला तसा मान्सून हळूहळू मंदावला आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ते तळं आटलं.