क्लचमध्ये हवा आहे, की सिलिंडरचं सील गेलंय?

क्लचचं पेडल पोकळ लागतं, पार तळाला नेल्याशिवाय पकड सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खरखर होते. एवढं सांगितलं की सल्ला ठरलेला असतो: हवा काढून घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. क्लचच्या ऑइल सिलिंडरमधलं रबरी सील झिजलं तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात. आणि पंचाईत अशी की हवा काढताना नवं ऑइल जातं, पेडल बरंच मारलं जातं, त्यामुळे झिजलेलं सीलही काही दिवस बरं चालतं. मग ‘हवाच होती’ ही समजूत पक्की होते आणि महिन्याभरात गाडी पुन्हा त्याच तक्रारीवर येते.

यंत्रणा साधी आहे. पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ऑइल पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो, आणि तिथला पिस्टन रिलीज बेअरिंगला रेटून, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड सोडवतो. स्लेव्हचा पिस्टन मुळातच थोडका सरकतो, म्हणून वाटेत जरासं अंतर वाया गेलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. (केबलवर चालणाऱ्या क्लचला यातलं काहीच लागू नाही.)

अंतर वाया जाण्याचे दोन प्रकार इंजेक्शनच्या सिरिंजवरून चटकन कळतात. आत बुडबुडा असेल तर दट्ट्या दाबल्यावर आधी तोच आकसतो. दट्ट्याचं रबर सैल असेल तर औषध मागून निसटतं. सुईतून दोन्ही वेळा कमीच येतं, पण पहिल्या वेळी दाब आत टिकून राहतो, दुसऱ्या वेळी तो पळून जातो. निदान सगळं या एका फरकावर उभं आहे.

पेडल भराभर मारून पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते. चार-पाच वेळा मारल्यावर पेडल वर आलं, कडक झालं आणि जरा वेळाने पुन्हा मऊ पडलं, तर हवेचा संशय घ्यायला जागा आहे. पण थोडं झिजलेलं सीलही अशा माराने तात्पुरतं सावरतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. खरी परीक्षा पेडल धरून ठेवण्याची. सपाट जागा, पुढेमागे कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर. इंजिन चालू ठेवून पेडल मारून पकड सोडवा, पहिला गिअर टाका आणि पेडल तळाशी तसंच धरून अर्धा मिनिट थांबा. हवा असेल तर परिस्थिती जशीच्या तशी राहते. सील दाब सोडत असेल तर क्लच हळूहळू पकडू लागतो: इंजिनचा आवाज जड होतो, गाडी ब्रेकविरुद्ध रेटू लागते. सिग्नलला पेडल दाबलेलं असताना गाडी आपोआप पुढे सरकते, ही तक्रार याच दोषाची. माझ्या मते तेवढी एक तक्रार ऐकली तरी ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढण्याचा, विचार बाजूला ठेवून सिलिंडर पाहावा.

उलट, वेग वाढत नाही आणि इंजिन नुसतंच ओरडतं, तर हवेचा संबंधच नाही. हवेमुळे क्लच नीट सुटत नाही. तो घसरत नाही.

ऑइलच्या टाकीतली पातळीही बरंच बोलते. ब्रेकचे पॅड झिजले की ऑइल खाली जातं. क्लचचं उलट आहे: प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि पातळी किंचित वर येते. म्हणून क्लचची टाकी वेगळी असून ऑइल कमी होत असेल, तर गळती आहेच. पाने-स्पॅनर काढण्याआधी पेडलच्या मागे हात घालून पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारी दांडी) ओला आहे का बघावं, पायाखालची मॅट उचलावी, स्लेव्हचं रबरी बूट (टोपण) सरकवून पाहावं. मात्र मास्टरमध्ये ऑइल सीलला वळसा घालून परत टाकीतच जात असेल, तर बाहेर थेंबही दिसत नाही आणि पातळीही हलत नाही. ऑइल काळं पडलेलं दिसलं तर रबर झिजल्याची शंका घ्यावी.

हवेला आत यायला काहीतरी निमित्त लागतं. पाइप किंवा सिलिंडर उघडला असेल, नाहीतर पातळी फार खाली गेली असेल. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असेल तर क्लचचं तोंड मुद्दाम वर ठेवतात. क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल उरावं, हा हेतू. त्यामुळे हवा आधी क्लचला लागते. यातलं काहीच घडलेलं नसताना हवा भरली, किंवा काढूनही परत आली, तर ती बहुधा सैल सीलमधूनच आत ओढली जाते आहे. अपवाद एकच: गाडी तापल्यावर पेडल पडतं आणि थंड झाल्यावर ठीक होतं. जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलसाठी कोरडं असतानाची किमान मर्यादा २३० अंश सेल्सिअस आहे, पाणी मुरल्यावरची १५५. तिथे ऑइल बदलणं हाच उपाय.

हवाच असेल तर घाई करू नये. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. एकाने पेडल सावकाश दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचं. पेडल बदाबदा मारलं तर बुडबुड्यांचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. टाकी मधूनमधून भरत राहा, ऑइल झाकणावर लिहिलेलंच वापरा, निघालेलं परत ओतू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हट्टी हवा खालून, स्लेव्हकडून वर ऑइल रेटून लवकर निघते, कारण बुडबुड्याला वरच जायचं असतं.

सील गेलं असेल तर खर्च सिलिंडर कुठे आहे त्यावर ठरतो. मास्टर किंवा बाहेरचा स्लेव्ह बदलणं आटोपशीर काम आहे. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि एकदा तो उतरवला की क्लच प्लेट किती उरली आहे हे तेव्हाच बघून घ्यावं.