घोड्याची कदमचाल आणि मुलाचा तोल

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्यांचे गुडघ्यांखालचे पाय लुळे होते. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला होता आणि घोडीवर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागत असे. त्यांच्या यशानंतर युरोपात अपंगांच्या घोडेस्वारीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, आणि १९६९ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत या कामासाठी राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या.

घोड्याच्या पाठीवर नेमके काय घडते, हे सेरेब्रल पाल्सीच्या उदाहरणावरून चांगले समजते. या विकारात मूळ दोष स्नायूंत नसून स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. पुष्कळ मुलांच्या मांड्यांचे आतले स्नायू इतके ताठ असतात की उभे केल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. असे मूल खोगिराऐवजी जाड घोंगडीवर बसवले, की पाय आपोआप फाकलेले राहतात, आणि माणसापेक्षा किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या घोड्याच्या अंगाची ऊब त्या ताठ स्नायूंना मिळते. मग घोडा कदमचालीने चालू लागतो. त्याचे चार पाय एकामागून एक जमिनीला टेकतात आणि पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे व किंचित वळत अशी तिन्ही अंगांनी हलते. आपण चालताना आपली कंबर जवळजवळ अशीच हलते; म्हणून ज्या मुलाने स्वतःच्या पायांनी कधी दहा पावलेही टाकलेली नाहीत, त्याच्या कमरेलाही चालण्याचा ताल इथे अनुभवायला मिळतो. मिनिटाला शंभर पावले धरली, तर वीस मिनिटांत त्याचे धड सुमारे दोन हजार वेळा तोल सावरते. दुडकी चाल यासाठी सहसा लागत नाही. घोडा मध्येच थांबवणे, पुन्हा चालवणे, वळणावर नेणे एवढ्यानेच फिजिओथेरपिस्ट व्यायाम सोपा किंवा अवघड करू शकतो.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या १५ मुलांपैकी काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर आणि उरलेल्यांना तितकाच वेळ स्थिर पिंपावर बसवले होते. डाव्या-उजव्या स्नायूंच्या कामातील असमतोल घोड्यावरच्या मुलांत अधिक कमी झाला. स्वमग्न मुलांवरचा २०१५ चा अभ्यास मोठा होता. त्यात ६ ते १६ वयोगटातील १२७ मुले होती, आणि दहा आठवड्यांच्या स्वारीनंतर चिडचिड व अतिचंचलता तुलनेच्या गटापेक्षा अधिक घटलेली आढळली. यावरून विकार बरा होतो असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्वारी ही नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड आहे, तिचा पर्याय नव्हे.

मला स्वतःला स्वारीइतकाच खराराही महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाची इतर सगळे देखभाल करतात, त्याला इथे दुसऱ्या जिवाची देखभाल करायला मिळते. ब्रश नीट धरून मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेने फिरवायचा असतो, आणि गाजर देताना बोटे एकमेकांना जुळवून तळहात सपाट ठेवावा लागतो. जोर जास्त झाला तर घोडा कान मागे पाडतो. मुलाचा हात हलका झाला की कान पुन्हा सैल होतात. घोड्याचे हे उत्तर शब्दांवाचून कळते, त्यामुळे बोलण्यात अडचण असलेल्या मुलालाही ते वाचता येते.

माथेरान-महाबळेश्वरला मारलेला फेरफटका मात्र उपचार नव्हे, हे पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते. उपचारात एक जण घोडा धरतो, गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक जण मुलाला आधार देत चालतो, आणि डोक्याला हेल्मेट असतेच. खुब्याचा सांधा निखळलेला असेल, पाठीचा कणा फार वाकलेला असेल किंवा फिट्स आटोक्यात नसतील, तर मुलाला घोड्यावर बसवणे धोक्याचे असते. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो, म्हणून त्यांची मान डॉक्टरांनी आधी तपासलेली असावी लागते. घोडाही शांत, सरळ चालणारा आणि निरोगी हवा. त्याची पाठ दुखत असेल किंवा तो लंगडत असेल, तर चालीचा ताल बिघडतो आणि तोच बिघडलेला ताल मुलाच्या कमरेपर्यंत पोहोचतो. म्हणूनच चांगल्या केंद्रात मूल येण्याआधी मोतद्दार घोड्याचे खूर उचलून पाहतो, त्यात अडकलेले खडे काढतो आणि घोड्याला चार पावले चालवून बघतो.