यादीत कोण, यादीबाहेर कोण : आइस हॉकीतील एक्स्पान्शन ड्राफ्टची पार्श्वभूमी

व्यावसायिक लीगमध्ये नवा संघ दाखल होतो तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न खेळाडूंचा असतो. मालकाने पैसे भरलेले असतात, बर्फाचे मैदान तयार असते, गणवेशाचे रंगही ठरलेले असतात. परंतु त्या दर्जाचे खेळाडू मोकळे नसतात, ते जुन्या संघांशी करारबद्ध असतात. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, या प्रश्नावर १९६७ पासून मुळात एकच तोडगा वापरला आहे. प्रत्येक जुन्या संघाने ठरावीक खेळाडूंची संरक्षित यादी द्यायची आणि यादीबाहेर राहिलेल्यांमधून नव्या संघाने आपला चमू उभा करायचा. या निवडीलाच एक्स्पान्शन ड्राफ्ट म्हणतात. गेलेल्या खेळाडूबद्दल जुन्या संघाला दुसरा खेळाडू मिळत नाही. त्याच्या मालकाला मिळतो तो नव्या संघाने भरलेल्या प्रवेशशुल्कातील वाटा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रसंग २०२२ च्या आयपीएलपूर्वी घडला. जुन्या आठ संघांना प्रत्येकी चारपर्यंत खेळाडू राखता आले आणि लखनौ व गुजरात या नव्या संघांना लिलावाआधी प्रत्येकी तीन खेळाडू उचलता आले. मुंबईने न राखलेला हार्दिक पंड्या गुजरातचा कर्णधार झाला आणि त्या संघाने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले. तरीही आयपीएलमध्ये सोडलेला खेळाडू लिलावात परत घेण्याची संधी जुन्या संघाला असते. हॉकीत नव्या संघाने निवडलेला खेळाडू गेला तो गेलाच, म्हणून तेथे यादीतील शेवटच्या दोन-तीन नावांवर आठवडेच्या आठवडे खल चालतो. या यादीचा जवळपास साठ वर्षांचा इतिहास पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. एक खेळाडू गमावल्याने संघांचे जेवढे नुकसान झाले, त्याहून अधिक नुकसान अनेकदा तो गमवावा लागू नये म्हणून मोजलेल्या किमतीने झाले.

१९४२ पासून पंचवीस हंगाम एनएचएलमध्ये सहाच संघ होते. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा पैसा आणि पश्चिम किनाऱ्यावरील मोठी शहरे खुणावू लागली तेव्हा लीगने एका फटक्यात संघांची संख्या दुप्पट केली. लॉस एंजेलिस, ओकलंड, मिनेसोटा, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि सेंट लुइस या सहा नव्या संघांनी प्रत्येकी २० लाख डॉलर भरले आणि ६ जून १९६७ रोजी माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात पहिला एक्स्पान्शन ड्राफ्ट झाला. प्रत्येक जुन्या संघाला ११ खेळाडू आणि एक गोलरक्षक राखता येत होता. शिवाय संघाचा एखादा खेळाडू उचलला गेला की यादीबाहेरच्या आणखी एकाला संरक्षण देण्याची मुभा होती. नव्या संघांच्या वाट्याला प्रत्येकी २० खेळाडू येणार होते. पण जुन्या संघांची पहिली फळी जवळजवळ शाबूत राहील अशीच नियमांची आखणी होती.

या आखणीत एक फट राहिली, ती गोलरक्षकांची. सहा संघांच्या लीगमध्ये अव्वल गोलरक्षक भरपूर साचले होते आणि राखायचा होता फक्त एक. टोरंटोने काही आठवड्यांपूर्वीच स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला होता आणि त्यात टेरी सॉचक व जॉनी बोवर या दोन ज्येष्ठ गोलरक्षकांचा मोठा वाटा होता. टोरंटोने बोवरला राखले आणि लॉस एंजेलिसने पहिल्याच क्रमांकावर सॉचकला उचलले. शिकागोने तरुण डेनिस डिजॉर्डीला राखले आणि त्याच हंगामात त्याच्यासह गोलरक्षकांसाठीचा वेझिना करंडक मिळवणाऱ्या ग्लेन हॉलला यादीबाहेर ठेवले. तो सेंट लुइसला गेला. सहाही नवे संघ एकाच गटात घातलेले असल्यामुळे त्यांच्यापैकी एक अंतिम फेरीत पोहोचणार हे ठरलेलेच होते. सेंट लुइस पहिली तिन्ही वर्षे पोहोचला आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता हरला. तरी १९६८ मध्ये प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक पराभूत संघाच्या हॉललाच मिळाला. बॉस्टनचा निर्णय तर आणखी दूरवर भोवला. त्यांनी जेरी चीव्हर्सला राखले आणि तरुण बर्नी पॅरेंट फिलाडेल्फियाकडे गेला. मध्यंतरी तो टोरंटोकडे जाऊन परत आला आणि १९७४ च्या अंतिम फेरीत बॉस्टनसमोर उभा राहिला. निर्णायक सहाव्या सामन्यात त्याने बॉस्टनला एकही गोल करू दिला नाही. फिलाडेल्फियाने १-० ने तो जिंकला आणि स्टॅन्ली चषक प्रथमच १९६७ च्या नव्या संघांपैकी एकाकडे गेला. चीव्हर्सही थोर गोलरक्षक होता, त्यामुळे १९६७ साली बॉस्टनने केलेली निवड चुकीची होती असे म्हणवत नाही. दोन चांगल्या गोलरक्षकांपैकी एकच राखायचा असेल तर अशी वेळ कोणावरही येऊ शकते.

माँट्रियलचे जनरल मॅनेजर सॅम पोलॉक यांनी या परिस्थितीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांच्या संघाकडे खेळाडूंचा साठा मोठा होता. जे यादीत बसणार नाहीत ते फुकट जाऊ देण्यापेक्षा असे अधिकचे खेळाडू नव्या, अधीर संघांना देऊन त्या बदल्यात त्यांच्या भविष्यातील वार्षिक ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू फेरीफेरीने वाटून घेण्याच्या निवडीतील, पहिल्या फेरीच्या निवडी घेण्याचा सपाटा त्यांनी लावला. कॅलिफोर्नियाच्या सील्स संघाकडून मिळवलेल्या अशाच एका निवडीवर १९७१ मध्ये माँट्रियलने गी लाफ्लरला घेतले आणि पुढच्या दशकातील त्यांचे वर्चस्व बऱ्याच अंशी त्याच्याभोवती उभे राहिले.

सत्तरच्या दशकातील विस्तारांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लीग दर दोन वर्षांनी दोन संघ वाढवत गेली, त्यातच १९७२ पासून वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग खेळाडू पळवू लागली आणि यादीबाहेर उरलेल्यांचा दर्जा खालावत गेला. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या हंगामातील ८० पैकी ८ सामने जिंकले आणि ६७ गमावले.

१९७९ मध्ये मात्र हा सारा प्रकार उलटा झाला. प्रतिस्पर्धी लीग बंद झाली आणि तिच्यातील एडमंटन, विनिपेग, क्यूबेक व हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आले. ज्यांच्यावर पूर्वीचा हक्क होता असे खेळाडू एनएचएलच्या जुन्या संघांनी परत घेतले आणि येणाऱ्या संघांना दोन गोलरक्षक व दोन अन्य खेळाडू एवढेच वाचवता येत होते. आधीच जमलेला चमू मोडून नव्याने निवड करायला लावणारी ही व्यवस्था मला त्या संघांवर अन्याय करणारी वाटते. तरीही एडमंटनने त्यातून १८ वर्षांच्या वेन ग्रेट्झ्कीला वाचवले. त्याचा करार संघाचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांच्याशी वैयक्तिक होता, आणि तो संघाकडेच राहील या तडजोडीला अखेर लीगने मान्यता दिली. पुढील अकरा वर्षांत एडमंटनने पाच वेळा स्टॅन्ली चषक जिंकला, त्यांपैकी चार वेळा ग्रेट्झ्की संघात होता.

नव्वदच्या दशकात प्रवेशशुल्क ५ कोटी डॉलरपर्यंत पोहोचले आणि एवढी रक्कम मोजणारा मालक उरल्यासुरल्या खेळाडूंवर समाधान मानायला तयार होईना. १९९२ मध्ये आलेल्या ओटावाने पहिल्या हंगामात ८४ पैकी ७० सामने गमावले होते. १९९३ मध्ये फ्लोरिडा आणि अनाहाइम आले तेव्हा जुन्या संघांना एक गोलरक्षक, पाच बचावपटू आणि नऊ आघाडीपटू राखता आले, आणि गोलरक्षकांची जुनी फट पुन्हा उघडी पडली. न्यूयॉर्क रेंजर्सकडे माइक रिक्टर आणि जॉन व्हॅनबिसब्रुक असे दोन पहिल्या दर्जाचे गोलरक्षक होते. त्यांनी व्हॅनबिसब्रुकला ड्राफ्टच्या काही दिवस आधी व्हँकुव्हरला दिले, व्हँकुव्हरने त्याला यादीबाहेर ठेवले आणि फ्लोरिडाने सर्वांत आधी त्यालाच उचलले. त्याच्याच बळावर १९९६ मध्ये, अवघ्या तिसऱ्या हंगामात, फ्लोरिडा अंतिम फेरीत खेळला. दुसऱ्यांच्या यादीबाहेरील खेळाडूंवर उभा राहिलेला हा संघ पुढे याच कथेत विरुद्ध बाजूने येतो.

२००० नंतर सतरा वर्षे एक्स्पान्शन ड्राफ्ट झाला नाही आणि त्या काळात खेळाचे अर्थकारण पालटले. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादात वाहून गेल्यानंतर सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरील मर्यादा, लागू झाली. पूर्वी यादी करताना खेळाडूचा दर्जा आणि वय पाहिले की भागत असे. आता त्याचा करार किती वर्षांचा आहे, पगार किती आहे आणि त्यात नो-मूव्हमेंट कलम, म्हणजे खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे न हलवण्याची अट, आहे का, हे आधी पाहावे लागते. ते कलम असलेल्या खेळाडूला, त्याने स्वतः ते सोडले नाही तर, यादीत घ्यावेच लागते.

लास व्हेगासच्या गोल्डन नाइट्सने ५० कोटी डॉलर भरले आणि २१ जून २०१७ रोजी तीस संघांकडून प्रत्येकी एक असे तीस खेळाडू घेतले. जुन्या संघांपुढे दोन पर्याय होते : सात आघाडीपटू, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक, किंवा कोणत्याही जागेवरचे आठ खेळाडू आणि एक गोलरक्षक. व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिल्या दोन वर्षांतील तरुणांना सूट होती. राखता येणाऱ्या खेळाडूंची संख्या १९९३ च्या तुलनेत स्पष्टपणे कमी होती. शिवाय व्हेगासचे जनरल मॅनेजर जॉर्ज मॅकफी जुन्या संघांशी आधीच बोलणी करू शकत होते. तुमचा अमुक खेळाडू आम्ही घेणार नाही, त्याबद्दल काय देता, असा तो व्यवहार होता.

अनाहाइमच्या केव्हिन बिक्साने आपले नो-मूव्हमेंट कलम सोडले नाही, त्यामुळे बचावपटूंच्या तीनपैकी एक जागा त्याच्याकडे गेली आणि जॉश मॅन्सन व सामी व्हॅटानन हे दोन चांगले बचावपटू यादीबाहेर राहिले. दोघेही वाचावेत म्हणून अनाहाइमने शे थिओडोर हा तरुण बचावपटू देऊन व्हेगासला क्लेटन स्टोनर उचलायला लावले. व्हॅटाननला अनाहाइमने त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर न्यू जर्सीला दिले. थिओडोर मात्र व्हेगासच्या बचावफळीचा कणा झाला. कोलंबसने काही खेळाडू वाचवण्यासाठी पहिल्या फेरीची एक आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली, त्यासोबत डेव्हिड क्लार्कसनचा जड करारही व्हेगासच्या गळ्यात घातला आणि ठरल्याप्रमाणे विल्यम कार्लसन गेला. आदल्या हंगामात ६ गोल करणाऱ्या कार्लसनने व्हेगाससाठी पहिल्याच हंगामात ४३ गोल केले.

फ्लोरिडाचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. त्यांना चार बचावपटू राखायचे होते, म्हणून त्यांनी आठ खेळाडूंचा पर्याय घेतला आणि आघाडीपटूंसाठी चारच जागा उरल्या. त्या हंगामात ३० गोल केलेला जोनाथन मार्शेसो यादीबाहेर गेला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. रायली स्मिथचा वर्षाला ५० लाख डॉलरचा नवा पाच वर्षांचा करार त्यांना डोईजड वाटत होता, तेव्हा चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्यांनी त्यालाही व्हेगासला दिले. दोघांनी कार्लसनसह व्हेगासची पहिली फळी बनवली. २०१८ मध्ये व्हेगास पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि फ्लोरिडाचे प्लेऑफ एका गुणाने हुकले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला त्या चार बचावपटूंपैकी अ‍ॅलेक्स पेट्रोविचला डिसेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडाने स्वतःच दुसऱ्या संघाला दिले. २०२३ च्या अंतिम फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. व्हेगासने स्टॅन्ली चषक जिंकला आणि कॉन स्मिथ करंडक मार्शेसोला मिळाला.

याच २०१७ मध्ये एका संघाने वास्तव शांतपणे स्वीकारले. पिट्सबर्गकडे मॅट मरे हा तरुण गोलरक्षक होता आणि मार्क-आंद्रे फ्लरी हा लोकांचा लाडका जुना. फ्लरीने फेब्रुवारीतच आपले कलम सोडण्यास मान्यता दिली, जूनमध्ये दुसरा सलग चषक जिंकण्यात हातभार लावला आणि दहा दिवसांनी तो व्हेगासचा झाला. त्यासाठी पिट्सबर्गने दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. ती किंमत मला वाजवी वाटते, कारण तिच्यामागे पूर्ण विचार केलेली निवड होती.

२०२१ मध्ये सिएटल क्रॅकन ६५ कोटी डॉलर भरून आला तेव्हा नियम तेच होते, पण जुने संघ शहाणे झाले होते. बहुतेकांनी एक खेळाडू जाऊ दिला आणि बाजूच्या सौद्यांना नकार दिला. करोनाच्या साथीमुळे सॅलरी कॅप ८ कोटी १५ लाख डॉलरवर गोठलेली असल्याने मोठे पगार कोणालाच नको होते. माँट्रियलचा केरी प्राइस यादीबाहेर होता, तरी वर्षाला १ कोटी ५ लाखांचा त्याचा करार सिएटलने घेतला नाही. पहिल्या हंगामात सिएटलला ६० गुणच मिळाले, पण दुसऱ्या हंगामात १०० गुण मिळवून त्यांनी पहिल्याच फेरीत गतविजेत्या कोलोरॅडोला बाहेर काढले. त्या हंगामात ४० गोल करणारा जॅरेड मॅकॅन टोरंटोच्या यादीबाहेरून आला होता. टोरंटोनेही फ्लोरिडाप्रमाणे चार बचावपटू राखण्यासाठी आठ खेळाडूंचा पर्याय घेतला होता.

जून २०२५ मध्ये हाच प्रश्न महिलांच्या व्यावसायिक लीगपुढे आला. अवघ्या दोन हंगामांच्या या लीगमध्ये व्हँकुव्हर आणि सिएटल हे संघ वाढले, आणि सहा जुन्या संघांना सुरुवातीला प्रत्येकी तीनच खेळाडू राखता आल्या; दोन खेळाडू गमावल्यावर चौथीला संरक्षण मिळणार होते. प्रत्येक संघातून चार खेळाडू गेल्या. नवे संघ पहिल्या दिवसापासून बरोबरीने लढावेत म्हणून जुन्यांकडून एवढे मागणे एनएचएलला कधीच जमले नव्हते. बॉस्टनने गोलरक्षक एरिन फ्रँकेल, बचावपटू मेगन केलर आणि आघाडीपटू अलिना म्युलर यांना राखले. कर्णधार हिलरी नाइट यादीबाहेर राहिली आणि ड्राफ्टपूर्वीच्या करारांच्या मुदतीतच तिने सिएटलशी करार केला.