फोटो लहान करणाऱ्या आज्ञेच्या नावाचा घोळ

दोनशे फोटो एका मापाचे करायचे तर टर्मिनलात (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ लिहून मोकळं व्हायचं, ही सोय बरीच जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस युनिक्सवर पीबीएमप्लस नावाचा लहानलहान प्रोग्रॅमांचा संच आला. एक प्रोग्रॅम फाइल उलगडणार, दुसरा माप बदलणार, तिसरा पुन्हा बांधणार, आणि मध्ये पाइप, म्हणजे एकाचं काम पुढच्याच्या हाती देणारी जोडणी. १९९० साली एका अमेरिकी रसायन कंपनीत घडलेलं इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं झालं आणि हा सगळा व्याप ‘कन्व्हर्ट’ या एका आज्ञेत मावला. फोटोंची जुनी कुठलीही स्क्रिप्ट (आज्ञा लिहून ठेवलेली फाइल) उघडा, हाच शब्द भेटतो. पुढचा तंटाही याच शब्दाचा.

विंडोजमध्येही ‘कन्व्हर्ट’ नावाची आज्ञा आहे, पण तिचं काम डिस्कवर फाइली मांडण्याची रचना फॅट या जुन्या पद्धतीतून एनटीएफएस या नव्या पद्धतीत नेण्याचं. ती सिस्टिमच्याच फोल्डरात असते आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा कुठे शोधायची त्या फोल्डरांच्या यादीत, त्या फोल्डराचा नंबर सहसा आधी लागतो. त्यामुळे लिनक्सवर बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट विंडोजवर नेली की फोटो राहतात जसेच्या तसे आणि समोर येते ड्राइव्हबद्दलची तक्रार. (नशीब, ड्राइव्हचं अक्षर मिळाल्याशिवाय ती आज्ञा डिस्कला हात लावत नाही.) मग कोणी पूर्ण पाथ लिहायचा, कोणी फाइलचं नाव बदलून ठेवायचा.

यावरचा तोडगा खरं तर लवकर सापडला होता. इमेजमॅजिक वापरण्याची पद्धत वरचेवर बदलते म्हणून वैतागलेल्या काहींनी २००२ मध्ये वेगळी चूल मांडली आणि ग्राफिक्समॅजिक सुरू केलं. तिथे प्रत्येक आज्ञेआधी ‘जीएम’ लावावं लागतं. ‘जीएम कन्व्हर्ट’ म्हटलं की संपला गोंधळ. मूळ घराला, म्हणजे इमेजमॅजिकला, तेवढं शहाणपण यायला २०१६ उजाडलं. सातव्या आवृत्तीत ‘कन्व्हर्ट’च्या जागी ‘मॅजिक’ आलं, आणि वर्षानुवर्षांच्या स्क्रिप्टा मोडणार म्हणून ओरड झाली.

माझ्या मते ती ओरड चुकीच्या जागी होती. नाव बदलणं म्हणजे शोधा आणि बदला, पाच मिनिटांचं काम. खरा बदल क्रमाचा होता. जुनी ‘कन्व्हर्ट’ भोळी होती: माप आधी सांगा, फाइल नंतर द्या, ती समजून घ्यायची. नवी ‘मॅजिक’ डावीकडून उजवीकडे काटेकोर वाचते. चित्र हातात येण्याआधी ‘रीसाइझ’ म्हटलं तर ती थेट चूक दाखवते. नुसतं नाव बदलून निश्चिंत झालेल्यांच्या स्क्रिप्टा इथेच अडल्या. त्यात डेबियन या लिनक्सच्या २०२३च्या आवृत्तीतही इमेजमॅजिकची सहावीच आवृत्ती होती, म्हणजे एका मशीनवर एक बोली आणि दुसऱ्यावर दुसरी. सातवीत ‘कन्व्हर्ट’ टोपणनावासारखी चालू राहिली खरी, पण पुढे ती प्रत्येक वेळी ‘हे नाव आता जुनं झालं’ असा इशारा छापू लागली. काम क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीवर) लावलेलं असेल तर तोच इशारा रोज मेलमध्ये.

२०१६च्याच मे महिन्यात इमेजमॅजिकच्या सुरक्षेतलं मोठं भगदाडही उघडं पडलं. चित्र म्हणून चढवलेल्या फाइलीत दडवलेली आज्ञा सर्व्हर निमूट पाळत असे. त्यानंतर अनेक ठिकाणी इमेजमॅजिकच्या पॉलिसीच्या (काय चालेल, काय नाही ते ठरवणाऱ्या) फाइलीत काही फाइलप्रकारांना बंदी आली. इमेजमॅजिकला पर्याय म्हणून तुकड्यातुकड्याने चित्र वाचणारं, कमी मेमरीत भागवणारं लिबव्हिप्स हे सॉफ्टवेअरही होतं. तेही १९९०च्या आसपासचं, पण वेबवाल्यांचं लक्ष त्याच्याकडे बरंच उशिरा गेलं.

आपल्याकडे ही स्क्रिप्ट सर्वांत जास्त उपयोगी पडते ती ऑनलाइन अर्जांना. बँकभरतीच्या अर्जांत फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. इमेजमॅजिकमध्ये जेपेगला ‘एक्स्टेंट’ची (फाइल किती केबीपर्यंत चालेल याची) मर्यादा दिली की प्रोग्रॅम दर्जा कमीजास्त करत त्या केबीच्या आत बसवतो. मर्यादा फक्त वरची असते, त्यामुळे साध्या पार्श्वभूमीवरचा फोटो १४ केबीचा होऊन अर्ज परत येऊ शकतो.

आणि मोठे असतील तेवढेच फोटो लहान करायचे म्हणून आज्ञेतल्या मापाच्या शेवटी ‘>’ लावलं, तर ते अवतरणात हवं. उघडं राहिलं की शेल (टर्मिनलात आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ ‘पुढच्या फाइलीत लिही’ असा घेतं आणि आज्ञा सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी करतं. तिथे मूळ फोटोचंच नाव दिलं असेल, तर मूळ फोटोही गेला.