पार्श्वभूमी : इटालियन स्पोर्ट्स कार आणि ‘एफ१’ गिअरबॉक्सचा घोळ

इटालियन वेगवान गाड्यांच्या बिघाडांची चर्चा बहुधा गंजलेल्या पत्र्यापासून सुरू होते. परंतु आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ज्यांना गिऱ्हाईक आहे, त्या गाड्यांच्या दुखण्यांचे मूळ १९९०च्या दशकात आहे. १९९४ साली आलेल्या फेरारी एफ३५५मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) तडे जात आणि सुरुवातीच्या गाड्यांतील ब्राँझचे व्हॉल्व्ह गाइड (इंजिनातील व्हॉल्व्हला सरळ धरणाऱ्या नळ्या) लवकर झिजत. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) तर गाडी उभीच असली, तरी साधारण दर तीन वर्षांनी बदलावा लागे आणि त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. बेल्ट स्वस्त, मजुरी मात्र डोळे पांढरे करणारी. १९९९च्या ३६० मोडेनामध्ये सीटमागच्या झाकणातून बेल्टपर्यंत हात पोहोचू लागला, २००४च्या एफ४३०मध्ये बेल्टच्या जागी साखळी आली आणि तो प्रश्न मिटला.

गिअरबॉक्सचा प्रश्न मात्र नावातच अडकला. १९८९ साली फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीने स्टिअरिंगमागच्या पॅडलने (बोटांनी ओढायच्या पट्टीने) गिअर बदलत ब्राझीलमधील हंगामाची पहिलीच शर्यत जिंकली. १९९७मध्ये ती कल्पना ‘एफ१’ या नावाने एफ३५५मध्ये उतरली. पुढे मासेरातीने तिला ‘कॅम्बिओकोर्सा’, लॅम्बोर्गिनीने ‘ई-गिअर’ आणि अल्फा रोमिओने ‘सेलेस्पीड’ म्हटले. आत मात्र सर्वत्र नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच होता. पायाचे आणि हाताचे काम तेवढे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करीत असे. क्लचचे पेडल नाही आणि ‘ऑटो’चे बटण आहे, एवढ्यावरून ग्राहकांनी तिला ऑटोमॅटिक मानले आणि विक्रेत्यांनीही हा समज दूर करण्याची फारशी घाई केली नाही. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर इथे नसल्याने वाहतूककोंडीत इंच-इंच सरकताना किंवा चढावर मागे घेताना क्लच अर्धवट धरलेल्या अवस्थेत घासत राहतो. त्यामुळे एकाच मॉडेलचा क्लच एका मालकाकडे काही हजार किलोमीटरमध्ये संपे, तर दुसऱ्याकडे कितीतरी अधिक टिके. या झिजेला बिघाड म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

पंपाची गोष्ट वेगळी. या गाड्यांत चालकाचे दार उघडताच मागून बारीक घरघर ऐकू येते. तो पंप तेलाचा दाब भरत असतो आणि यंत्रणा ठीक असेल तर काही सेकंदांत शांत होतो. दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर दुबळा झाला की पंप पुन्हा पुन्हा चालू लागतो, अखेरीस जळतो आणि गिअर न पडल्याने गाडी जागची हलत नाही. म्हणूनच जाणकार खरेदीदार आधी दाराशी उभा राहून कान देतो आणि मगच संगणकावर क्लचच्या झिजेची टक्केवारी पाहतो. नवा क्लच बसवल्यावर यंत्रणेला त्याची ओळख करून दिलेली नसेल, तर तो आकडाही फसवा ठरतो.

२००७मध्ये मासेराती क्वात्रोपोर्तेला खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला आणि २००८च्या फेरारी कॅलिफोर्नियात तेलात बुडालेले दोन क्लच आले. झीज जवळपास संपली. तरी दोन क्लचच्या या नव्या गिअरबॉक्सच्या आतला एखादा छोटा सेन्सर बिघडला की अधिकृत वर्कशॉप पूर्ण गिअरबॉक्सच बदलायला सांगू लागले. स्वतंत्र मेकॅनिक तो उघडून दुरुस्त करायला पुढे शिकले. फेरारी ४५८ इटालियाच्या चाकाजवळील भागातील गोंद तापून २०१०मध्ये काही गाड्या पेटल्या आणि गाड्या परत मागवाव्या लागल्या. गिअरबॉक्सच्या दुखण्यापेक्षा गाजावाजा याचाच अधिक झाला. लॅम्बोर्गिनीने तर २०११च्या अ‍ॅव्हेंटाडोरमध्येही एकच क्लच ठेवला आणि २०२२मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तो बदलला नाही, जरी २०१४च्या हुराकानमध्ये दोन क्लच आलेले होते.

आता ३६० आणि एफ४३०च्या तीन पेडलच्या, म्हणजे मॅन्युअल, गाड्यांना ‘एफ१’पेक्षा बराच अधिक भाव मिळतो. काही मालक तर पंप आणि पॅडल काढून टाकून क्लचचे पेडल व गिअरचा दांडा बसवून घेतात आणि हे काम जमते, कारण खालचा गिअरबॉक्स पहिल्यापासून मॅन्युअलच होता.